कल्पित राष्ट्राचं उडतं आरमार: आधी वजनाची वही

प्रश्न थोडक्यात असा आहे. कादंबरीतला काळ १९२२. कोकण किनाऱ्यावर एक कल्पित स्वतंत्र राष्ट्र आहे आणि त्याच्याकडे चाळीस उडत्या युद्धनौका आहेत. नौकांना पोलादी चिलखत, दोन्ही अंगांना बारा-बारा तोफा, सांगाडा बांबूचा, आत हेलियम. हे आरमार बारा महिने अरबी समुद्रावर गस्त घालतं आणि शत्रूच्या बंदरावर थांबून मारा करतं. यातलं काय शक्य आहे, आणि जे शक्य नाही ते कथा न मोडता कसं दुरुस्त करायचं?

आरमार शक्य आहे. चिलखत, तोफांच्या रांगा, हेलियम आणि बारमाही गस्त यांतलं काहीच शक्य नाही. १९२२ साली लढाऊ वायुनौका म्हणजे झेपेलिनच्या जातीची, ताठ सांगाड्याची नौका. तिच्याबद्दलचा प्रत्येक निर्णय शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतो: ही वस्तू किती किलोची, आणि ती चढवायची तर खाली काय ठेवायचं? म्हणून गणवेश आणि झेंडे ठरवण्याआधी एका नौकेची वजनाची वही मांडा. ती जमली की कथानकातल्या निम्म्या अडचणी आपोआप सुटतात, आणि उरलेल्या निम्म्यांतून चांगले प्रसंग निघतात.

नमुना म्हणून जर्मन नौदलाची १९१६ची एल ३० घ्या. लांबी १९८ मीटर, जाडी सुमारे २४ मीटर, वायू ५५,२०० घनमीटर, २४० अश्वशक्तीची सहा मायबाख इंजिनं, पोटात हायड्रोजनच्या १९ पिशव्या. युद्ध संपल्यावर उरलेल्या जर्मन वायुनौका दोस्त राष्ट्रांनी वाटून घेतल्या आणि त्या बांधणाऱ्या कारागिरांच्या हातचं काम गेलं. १९२२चं तुमचं राष्ट्र अशा माणसांना बोलावून याच वर्गाची नक्कल करतं, हे पटण्यासारखं आहे.

आता उचल. एक घनमीटर हायड्रोजन किती वजन पेलतो, तर जेवढ्या वजनाची हवा तो बाजूला सारतो त्यातून त्याचं स्वतःचं वजन वजा करून उरेल तेवढं. शून्य अंश सेल्सिअसला, समुद्रसपाटीवर, कोरडी हवा घनमीटरला १.२९ किलो भरते. कोकणात ३० अंशांना, दमट दिवशी, ती १.१५ किलोच भरते. (दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, बहुतेकांना हे उलट वाटतं.) पिशवीतला हायड्रोजन ९५ टक्के शुद्ध धरला तर उत्तर समुद्रावर हिवाळ्यात घनमीटरमागे १.१४ किलो उचल मिळते आणि तुमच्या किनाऱ्यावर जेमतेम १.०२ किलो. ५५,००० घनमीटरला गुणलं की फरक जवळजवळ सात टनांचा होतो. तीच नौका, तोच वायू, फक्त ऋतू आणि अक्षांश बदलला म्हणून सात टन गेले. जर्मन आकडे उचलून भारतीय किनाऱ्यावर चिकटवले की कथा नेमकी इथे फसते.

म्हणजे एकूण उचल ५६ टन. रिकामी नौका ३२ टनांची धरा, उरले २४. पण हे सगळे टन वापरता येत नाहीत. वर जाताना हवा विरळ होते, वायू फुगतो आणि पिशव्या फुगत फुगत एका उंचीला गच्च होतात. या उंचीला आपण इथे गच्च-उंची म्हणू. तिच्या वर गेलं की वायू झडपेतून बाहेर सोडावाच लागतो, नाहीतर पिशवी फाटते. १,५०० मीटरपर्यंत वायू न गमावता जायचं असेल तर जमिनीवर पिशव्या ८६ टक्केच भरायच्या. म्हणजे आणखी साडेसात टन गेले. हातात राहिले साडेसोळा टनांच्या आतबाहेर.

त्यातून वीस माणसं, अंगावरच्या कपड्यांसकट, १.८ टन. पेट्रोल ९ टन. वंगण ०.६ टन. नीरम म्हणून (म्हणजे गरज पडली की टाकून हलकं होण्यासाठी घेतलेलं वजन) पाणी २.५ टन, आणि याहून कमी पाणी घेऊन निघणं म्हणजे परतीच्या वेळी जिवाशी खेळ. बिनतारी यंत्र ०.३, अन्न व पिण्याचं पाणी ०.४, मशीनगन आणि काडतुसं ०.३. बॉम्बसाठी उरतो दीड टन. बस्स. या दीड टनाभोवती तुमचं नौदल, त्याचा अहंकार आणि त्याचे वाद उभे करा. इंधनखातं आणि शस्त्रखातं यांतलं भांडण लिहायला यापेक्षा खरं कारण मिळणार नाही.

चिलखताचा हिशेब एका ओळीत संपतो. नौकेचं बाहेरचं अंग साधारण १२,००० चौरस मीटर; सहा मिलिमीटर जाडीचं पोलाद चौरस मीटरला ४७ किलो; गुणाकार ५६० टनांच्या पुढे. एकूण उचलीच्या दहापट. फार तर कप्तानाच्या गोंडोल्याभोवती (नौकेच्या पोटाखाली टांगलेल्या खोलीभोवती) वीस चौरस मीटर पत्रा लावता येईल, पण तोही जवळजवळ एक टन खातो, म्हणजे बॉम्बमधले दोन तृतीयांश गेले. तोफांचंही तेच. त्या काळची ७५ मिलिमीटरची मैदानी तोफ गाड्यासकट दीड टनाची, नुसती नळी घेतली तरी अर्ध्या टनाच्या आसपास. चोवीस नळ्या म्हणजे दारूगोळा न धरताच बारा टन. शिवाय तोफेचा धक्का ज्या गर्डरवर येणार तो पातळ ड्युरॅल्युमिनचा (अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या मिश्रधातूचा), आणि नळीतून निघणारी आग हायड्रोजनच्या शेजारी. तोफा काढून टाका. पाठीवरच्या चौथऱ्यावर दोन-तीन मशीनगन, गोंडोल्यांत आणखी दोन-चार. आणि कडक नियम: वायू सोडला जात असताना वरची मशीनगन चालवायची नाही.

हा ताळेबंद निघतानाचा. उड्डाण सुरू झालं की तो दर तासाला बदलतो, आणि वायुनौका चालवणं म्हणजे हा बदल सांभाळणं.

सहाही इंजिनं पूर्ण जोरात असली की तासाला २९० किलोच्या आसपास पेट्रोल जळतं. म्हणजे नौका तासागणिक तेवढी हलकी होते. वर निसटू द्यायची नसेल तर तितक्याच उचलीचा, सुमारे २८० घनमीटर, हायड्रोजन सोडावा लागतो. नऊ टन पेट्रोल पूर्ण जोरात ३१ तास पुरतं. वेग ताशी १००वरून ६७ किलोमीटरवर आणला तर लागणारी शक्ती एक तृतीयांशाहूनही कमी होते, आणि तेच पेट्रोल ९० तासांच्या पुढे जातं. गस्तीची नौका म्हणूनच नेहमी रमतगमत चालते. पूर्ण वेग फक्त पळताना किंवा वादळ चुकवताना.

दिवसा ऊन पिशव्या तापवतं. आतला वायू बाहेरच्या हवेपेक्षा दहा अंशांनी गरम झाला तर उचल सुमारे साडेतीन टक्के वाढते. आपल्या नौकेला जवळपास दोन टन फुकट मिळतात. या फुकटच्या मालाचा मोह घातक. दुपारी नौका फार हलकी वाटते म्हणून कप्तान वायू सोडतो, आणि सूर्य मावळला की तेच दोन टन कर्जासारखे अंगावर येतात. तेव्हा नीरम टाकायचं किंवा नाक दोन-चार अंश वर धरून इंजिनांच्या जोरावर नौका तरंगती ठेवायची. अनुभवी कप्तान दुपारचा हलकेपणा नाक खाली दाबून सोसतो. वायू सोडत नाही. पाऊसही वजनच. पाठीच्या ६,००० चौरस मीटरवर पाण्याचा दहावा हिस्सा मिलिमीटर थर साचला तरी ६०० किलो होतात, शिवाय कापड भिजून जड होतं ते वेगळं.

बॉम्ब टाकल्यावर काय होतं हेही लेखक हमखास चुकवतात. ३०० किलोचा बॉम्ब सुटला की नौका थोडी वर जाऊन थांबत नाही. गच्च-उंचीच्या खाली असेपर्यंत वायू फुगत राहतो, उचल जवळजवळ तेवढीच राहते, म्हणून हलकी झालेली नौका चढतच जाते. उंचीच्या सुकाणूवरचा माणूस लगेच नाक खाली दाबतो, किंवा कप्तान मुद्दाम चढू देतो, कारण खालून तोफा सुरू झालेल्या असतात. नौकेवरचा सगळ्यांत कसबी माणूस हाच. दिशेचं सुकाणू शिकता येतं. उंचीचं सुकाणू धरणाऱ्याला नौकेचा तोल तळपायातून कळावा लागतो. बॉम्ब पुढचे-मागचे आळीपाळीने सोडायचे, नाहीतर एक टोक वर उठतं. टोकांना पाटलोणीच्या आकाराच्या नीरमपिशव्या असत. दोरी ओढली की सगळं पाणी एका दमात खाली, म्हणजे पडणारं नाक किंवा शेपूट पटकन सावरता येई.

आता वायू. विजयदुर्गाशी हेलियमचं नाव आपल्याकडे जोडलं जातं म्हणून कथेत तो तिथून काढण्याची कल्पना आली असावी. पण १८६८च्या खग्रास ग्रहणानंतर हेलियमची चर्चा सुरू झाली ती सूर्यप्रकाशातल्या एका पिवळ्या रेषेवरून. किल्ल्याखाली हेलियमचा साठा नाही. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत तो अडकलेला असतो खरा, पण एका टनातून जेमतेम घनमीटरभर. एक नौका भरायला ५५,००० टन वाळू भाजावी लागेल. त्या काळी हेलियम मोठ्या प्रमाणात फक्त अमेरिकेकडे होता, आणि १९२५च्या कायद्याने त्यांनी त्याच्या निर्यातीवर बंधन घातलं. हेलियमवर उडालेली पहिली ताठ नौका म्हणजे अमेरिकेची शेनँडोआ, १९२३ची. तुमच्या राष्ट्राला हायड्रोजनच घ्यावा लागेल.

तो मिळवण्याचे मार्ग तीन-चार आहेत. लोखंडाचा कीस आणि गंधकाम्ल हा सगळ्यांत जुना: घनमीटरमागे सुमारे २.४ किलो लोखंड आणि ४.२ किलो आम्ल, म्हणजे एका नौकेच्या पहिल्या भरावाला १३० टन लोखंड आणि २३० टन आम्ल. फेरोसिलिकॉन आणि कॉस्टिक सोडा ही मोहिमेवर नेण्याजोगी पद्धत, पण महाग. तापलेल्या लोखंडावरून वाफ नेण्याची पद्धत स्वस्त, मोठ्या तळाला योग्य. कोकणासाठी मात्र मी बिनदिक्कत विद्युत-विघटन, म्हणजे विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणं, निवडेन. सह्याद्रीचा कडा आणि पावसाचं पाणी हाताशी आहे. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून चालू होतं, म्हणजे काळही जुळतो. घनमीटरमागे साधारण पाच युनिट वीज लागते. ३१ तासांच्या एका मोहिमेत सुटलेला वायू ८,८०० घनमीटर धरला तर तो भरून काढायला ४४,००० युनिट. नऊ नौका महिन्याला पाच-पाच मोहिमा करत असतील तर चोवीस तास अव्याहत सुमारे तीन मेगावॉट फक्त वायूसाठी. शत्रूला आरमार बुडवायचं असेल तर समुद्रावर जायची गरज नाही. घाटाखालचे वीजवाहक मनोरे पाडले तरी महिनाभरात नौका जमिनीला खिळतील. माझ्या मते तुमच्या कादंबरीतली सगळ्यांत महत्त्वाची लढाई समुद्रावर नको, या तारांखाली व्हायला हवी.

वायू शुद्ध ठेवणं हे दुसरं काम. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असलेलं मिश्रण पेटतं. पिशवीत हवा शिरत जाते, उचल घटते आणि धोका वाढतो, म्हणून शुद्धता रोज मोजायची. पिशव्यांच्या मधून वर जाणारे वायुमार्ग मोकळे हवेत, नाहीतर सुटलेला वायू पोटातच साचतो. १७ ऑक्टोबर १९१३ला बर्लिनजवळ योहानिसथालला एल २ ही नौका अशीच गेली: उन्हाने फुगलेला वायू वेगाने चढताना झडपांतून सुटला, पुढच्या इंजिनाच्या गोंडोल्यात ओढला गेला आणि पेटला. २८ जण गेले. एल १० ही सप्टेंबर १९१५ मध्ये वादळी ढगात वायू सोडत असताना वीज पडून जळाली. विजेच्या ढगात गच्च-उंचीच्या खाली राहायचं, म्हणजे झडपा उघडणारच नाहीत, हा नियम अशा अपघातांतून आलेला आहे.

पिशव्या कशाच्या? इथे तुमच्या कथेला एक असा गुंता मिळतो जो युरोपीय लेखकाला सुचणार नाही. जर्मन पिशव्यांना आतून बैलांच्या आतड्याचा पातळ पडदा चिकटवलेला असे. एका जनावरातून एकच तुकडा निघतो, आणि एका मोठ्या नौकेला असे लाखो तुकडे लागतात. १८५७च्या काडतुसांची आठवण जिवंत असलेल्या मुलखात हे किती दिवस गुपित राहील? पर्याय आहे रबर चढवलेलं सुती कापड, पण त्याची किंमत किलोत मोजा. १९ पिशव्यांचं एकूण कापड ३१,००० चौरस मीटरच्या पुढे जातं. चौरस मीटरला १०० ग्रॅम जरी वाढले तरी तीन टन गेले. दीड टन बॉम्ब आणि दीड टन पेट्रोल. श्रद्धा जपायची तर मारा सोडा, मारा हवा तर श्रद्धा मोडा. मंत्रिमंडळ यावरच फुटू शकतं. (पुढे अमेरिकनांनी जिलेटिन-लॅटेक्सचं कापड काढलं, पण ते तुमच्या काळानंतर, आणि जिलेटिनही जनावराचंच.)

बांबूबद्दल. बांबू ताणाला चिवट असतो हे बरोबर, पण वायुनौकेचा सांगाडा सांध्यांवर मोडतो, आणि बांबूचा सांधा बांधणं हे अवघड काम. प्रत्येक काठीची जाडी वेगळी, ओल-उन्हात ती फुगते-आकसते, तारांचा ताण ढिला पडतो. जर्मनीत शुट्टे-लान्झ कंपनीने प्लायवुडच्या नौका बांधल्या होत्या. दमट समुद्री हवेत त्यांचं डिंकाचं काम सैल व्हायचं आणि नौदलाचं त्यांच्याबद्दल मत वाईट झालं. कोकणातल्या आषाढात काय होईल ते वेगळं सांगायला नको. ड्युरॅल्युमिन आयात करा. तेही खाऱ्या हवेत आतून कुरतडलं जातं; वार्निशचा थर आणि दर हंगामाला गर्डरांची तपासणी हवी. बांबू शिड्यांना, कठड्यांना, तळावरच्या काठ्यांना वापरा.

सांगाडा हलका करण्याच्या नादातून सगळ्यांत मोठे अपघात झाले आहेत. जर्मनांनी १९१७ पासून उंच चढण्यासाठी अतिहलक्या नौका केल्या. विरळ हवेत वळणांचा जोर कमी, म्हणून त्या चालून गेल्या. त्याच धर्तीवरची ब्रिटिश आर ३८ ही २४ ऑगस्ट १९२१ला हंबर नदीवर, कमी उंचीवर, वेगात जोराची वळणं घेत असताना मधोमध मोडली; ४४ जण गेले. तुमच्या कथेआधी जेमतेम वर्षभराची ही घटना. तुमच्या अभियंत्यांच्या टेबलावर तिची कात्रणं असलीच पाहिजेत.

आता वारा आणि शेड, कारण आरमाराची खरी मर्यादा इथे आहे. २०० मीटर लांबीची हलकी वस्तू दारातून आत-बाहेर न्यायला दोन-तीनशे माणसं लागतात, आणि बाजूने वारा असेल तर तीही पुरत नाहीत. नॉर्डहोल्झच्या तळावर जर्मनांनी वाऱ्याकडे तोंड फिरवता येईल अशी फिरती शेड बांधली होती. किनाऱ्यावर दुपारी खारे वारे, रात्री मतलई वारे हे चक्र बहुतेक वर्षभर ठरलेलं. म्हणून नौका बाहेर काढणं-घेणं पहाटे, मतलई वारा पडून खारा वारा सुरू होण्याआधीच्या शांत तासात. या तासाला उशीर झाला तर काय होतं? २५ ऑगस्ट १९२७ला लेकहर्स्टच्या मास्टवर (नौका नाकाने बांधायच्या उंच खांबावर) बांधलेली अमेरिकेची लॉस एंजलिस गार सागरी हवेचा झोत आल्याबरोबर शेपटाकडून उचलली गेली आणि जवळजवळ नाकावर उभी राहिली. कोकणात असा झोत रोज दुपारी येतो. शेड सह्याद्रीच्या पायथ्याला चिकटून नको, घाटातून उतरणारे झोत वेडेवाकडे असतात; खाडीकाठचं सपाट माळरान बरं.

शेडमधलं अंतर राखा. ५ जानेवारी १९१८ला आलहॉर्नला एका शेडमध्ये लागलेली आग स्फोटांनी पसरत गेली आणि पाच वायुनौका काही मिनिटांत संपल्या. त्याच वर्षी १९ जुलैला ब्रिटिश जहाज फ्युरियसवरून उडालेल्या सात कॅमल विमानांनी टोंडर्नच्या शेडवर बॉम्ब टाकून एल ५४ आणि एल ६० जाळल्या. उडती नौका सापडत नाही, पण शेड कुठे पळून जात नाही.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावर दीड किलोमीटरच्या आसपास नैऋत्येचा जोरदार प्रवाह वाहतो. किनाऱ्यालगत तो सर्वसाधारण ताशी ५० किलोमीटरच्या घरात, जोर आला की ७०च्या वर. पश्चिमेला जाणाऱ्या ताशी १०० किलोमीटरच्या नौकेला ३० उरतात. म्हणजे ३१ तासांत हजार किलोमीटरही धड होत नाहीत. वर पाऊस, खाली दिसणं बंद. हे चार महिने आरमार शेडमध्येच. यात कमीपणा नाही. मराठा आरमाराची गलबतंसुद्धा पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवली जात, समुद्र नारळी पौर्णिमेनंतर खुला व्हायचा. त्याच चार महिन्यांत पिशव्या उतरवून बुरशी आणि उंदरांची नासधूस तपासायची, कापडाला नवा डोप (कापड ताठ आणि जलरोधक ठेवणारा लेप) द्यायचा, वीजनिर्मितीला पाणी भरपूर म्हणून वायूच्या टाक्या भरायच्या. शत्रूलाही हे वेळापत्रक ठाऊक असणार.

ब्रिटिशांनी याच समुद्रासाठी वायुनौकेचं स्वप्न पाहिलं होतं. कराचीला, जे तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, त्यांनी प्रचंड शेड आणि मास्ट उभारला. तिकडे निघालेली आर १०१ ही ५ ऑक्टोबर १९३०ला फ्रान्समध्ये बोव्हेजवळ पडून जळाली, ४८ जण गेले. कराचीची शेड वायुनौकेविना राहिली.

एवढं सगळं सोसून आरमाराचा उपयोग काय? पाहणं. १,००० मीटरवरून क्षितिज ११३ किलोमीटरवर असतं. युद्धनौकेच्या ३० मीटर उंच डोलकाठीवरून जेमतेम २० किलोमीटर. स्वच्छ हवेत एक वायुनौका कित्येक क्रूझरांचं काम करते. बंदरावर थांबून मारा करणं विसरा. १९१६च्या उन्हाळ्यापर्यंत साध्या गोळ्या पिशव्यांना बारीक भोकं पाडायच्या आणि नौका घरी परतायच्या. स्फोटक आणि आग लावणाऱ्या गोळ्या आळीपाळीने भरायची युक्ती आली आणि ३ सप्टेंबर १९१६च्या पहाटे लंडनजवळ एसएल ११ जळत कोसळली. तिथून पुढे विमानांच्या पल्ल्यात वायुनौकेला जागा उरली नाही. उंच पळायचं म्हटलं तर ५,००० मीटरवर हवेची घनता ६० टक्के. वहीतले २२ टन तिथेच जातात आणि २४ पैकी दोन उरतात. म्हणून तुमचं आरमार किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्रावर. मस्कतच्या दिशेने एक फेरी जाऊन-येऊन ३,००० किलोमीटरच्या वर होते, तीही गस्तीच्या वेगाने आरामात जमते.

पाहण्यातही चुका होतात, आणि त्या कथेसाठी सोन्यासारख्या आहेत. १९ ऑगस्ट १९१६ला एल १३ने हलक्या ब्रिटिश जहाजांना मोठ्या युद्धनौका समजून तसा संदेश दिला. जर्मन ताफा त्या मागावर दक्षिणेला वळला आणि मुख्य ब्रिटिश आरमाराशी गाठ पडायची राहिली. बिनतारी यंत्र हा दुसरा गळफास. इंग्लंडवर जाणाऱ्या झेपेलिन निघताना ‘फक्त व्यापारी संकेतपुस्तक जवळ आहे’ अशा अर्थाचा संदेश पाठवत, म्हणजे मुख्य पुस्तक शत्रूच्या हाती पडू नये म्हणून मागे ठेवलंय. ब्रिटिशांना तेवढ्यावरूनच कळायचं की आज हल्ला आहे. १९ ऑक्टोबर १९१७च्या रात्री अकरा नौका निघाल्या. वर उत्तरेकडून सुटलेल्या वादळी वाऱ्याचा अंदाज कुणालाच नव्हता, काही थेट फ्रान्सवर वाहून गेल्या आणि पाच परतल्या नाहीत. त्या पाचही वाऱ्यामुळेच भरकटल्या होत्या.

संख्या चाळीसवरून नऊवर आणा. तीन समुद्रावर किंवा निघायच्या बेतात, तीन वायू भरताना आणि किरकोळ दुरुस्तीत, तीन मोठ्या दुरुस्तीत किंवा प्रशिक्षणाला. नऊ नौकांना वीजही पुरते आणि शेडही. एखादं जुनं तेलवाहू जहाज घेऊन त्यावर मास्ट उभारा. अमेरिकन नौदलाने १९२४ मध्ये पटोका या जहाजावर तसा बसवला होता आणि वायुनौका त्याला समुद्रात बांधल्या गेल्या. त्याने पल्ला वाढतो आणि तुमच्या आरमारात खारव्यांना मानाची जागा मिळते. नौकेतून विमानं सोडायची हौस असेल तर ती पुढच्या भागासाठी ठेवा: अमेरिकेची मेकॉन पोटात पाच स्पॅरोहॉक विमानं बाळगायची, पण ती १,८४,००० घनमीटरची होती. तुमच्या नौकेत एकच विमान सव्वा टन खाईल.

बुडण्याचा प्रसंग लिहिताना उंचीमापक लक्षात ठेवा. तो हवेचा दाब मोजतो. कमी दाबाच्या पट्ट्यात शिरलं की दहा मिलिबारच्या घसरणीमागे तो सुमारे ८५ मीटर जास्त उंची दाखवतो. चक्रीवादळाच्या कडेला, रात्री, ढगात, काटा २५० म्हणतो आणि शेपटाचा खालचा पंख लाटांपासून दीडशे मीटरवर असतो. नाक वर केलं की शेपूट आणखी खाली जातं. ४ एप्रिल १९३३ला न्यू जर्सीजवळ अ‍ॅक्रन वादळात सापडून शेपटाकडून पाण्यावर आपटली. ७६ पैकी ७३ जण गेले, बहुतेक थंड पाण्यात. अंगावर तरंगती जाकिटं नव्हती. दोन वर्षांनी मेकॉन पडली तेव्हा जाकिटं आणि रबरी तराफे होते, दोघेच दगावले. तुमच्या वीस माणसांची वीस जाकिटं तीस किलोच्या आत बसतात. ते तीस किलो कोणत्या रकान्यातून काढायचे यावर तुमच्या कप्तानाचं आणि शस्त्रखात्याचं निघण्याआधी भांडण होऊ द्या, आणि ते कोण जिंकलं हे शेवटच्या प्रकरणाआधी वाचकाला सांगू नका.